तीन वाक्यांची अक्का

इलिनॉय, अमेरिका
८ ऑक्टोबर १९७८

ती. अक्कास,
सप्रेम जयभीम.

तुझं पत्र मिळालं. जेवतो. वेळेवर जेवतो. झोपतोही. स्वेटर घालतो. तुझे नेहमीचे प्रश्न संपले, आता माझं ऐक.

इथं विद्यापीठाच्या मोठ्या कॉम्प्युटरवर मुलं अभ्यास आटोपला की खेळ खेळतात. चित्र नाही, सोंगट्या नाहीत, फासे नाहीत, नुसते शब्द. पडद्यावर मजकूर येतो, समज, ‘तू एका जुन्या विहिरीच्या काठावर उभा आहेस. पायऱ्या खाली जातात. जवळ एक कंदील पडलाय.’ एवढं सांगून मशीन गप्प बसतं. आपण काय करायचं ते आपण लिहायचं, तेही दोन शब्दांत. ‘कंदील घे.’ ‘खाली उतर.’ मग ते पुढचं सांगतं. खाली गुहा आहे, वाटा आहेत, कुठंकुठं सोनंनाणं पुरलंय म्हणतात.

मी असे तीन खेळ खेळलो. एकात आपण जहाजाचे कप्तान असतो, पण ते मशीन नुसते आकडे मागतं, रेशन दुकानदारासारखं. दुसरा माझ्याच वर्गातल्या एकानं केलेला, राजवाड्याचा. त्यात प्रत्येक दारामागं मरण. दार उघडलं, मेलास. पाणी प्यालास, मेलास. विहिरीचा खेळ मात्र मला फार आवडला. तो घाई करत नाही. तासभर काही लिहिलं नाही तरी तिथंच थांबतो. तुला एकच सुचवायचा तर हाच सुचवीन.

माझ्या खोलीतला जोडीदार दुसरीकडे राहायला गेला. आता अख्खी खोली माझी आहे, त्यामुळं अभ्यास चांगला होतो.

तू खेळशील? पत्रानं खेळू. तू दोन शब्द कळव, मी ते मशीनला सांगतो आणि ते काय म्हणालं ते तुला लिहितो. तुझा डाव मी वेगळा जपून ठेवीन. तू आता विहिरीच्या काठावर आहेस, कंदील तुझ्या हातात दिलाय. बोल, काय करतेस?

तुझा,
धर्मा


बुधवार पेठ, सोलापूर
२४ ऑक्टोबर १९७८

चि. धर्मा,
जयभीम.

खोली एकट्याची झाली हे चांगलं झालं की वाईट, ते तू लिहिलं नाहीस. असो.

तुझं पत्र शेजारच्या केराबाईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “आगं बया! पोरगं बरं हाय न्हवं? मशीनसंगं बोलतंय म्हंती!” मी म्हटलं, मावशी, मी पण दिवसभर मशीनमधूनच बोलते की. त्यावर ती म्हणाली, “व्हय, पण तुज्या मशीनमधी मानूस असतंय.” मला हसू आलं. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला हेडफोन लावून बसले की पलीकडच्याला मी माणूस वाटते का, कोण जाणे.

राजवाड्याचा खेळ करणाऱ्याला माझा निरोप सांग. न बजावता मारतो तो खेळ नव्हे, तो आमचा सुपरवायझर.

तू खेळणाऱ्याच्या बाजूनं लिहितोस. मला मात्र वाचताना त्या मशीनचीच कीव आली. ते बिचारं ड्यूटीवर आहे रे. आम्हालाही ठरलेलीच वाक्यं आहेत. ‘नंबर सांगा’, ‘लाईन बिझी आहे’, ‘बोला, मुंबई बोला’, ‘तीन मिनिटं झाली’. त्यापलीकडं एक शब्द बोलायचा नाही. गेल्या वर्षी सांगोल्याचा एक माणूस मुंबईच्या दवाखान्यात ट्रंक कॉल लावून रोज बायकोची चौकशी करायचा. एके दिवशी लाईन मिळेना, तर मी न राहवून विचारलं, आता कशा आहेत त्या? सुपरवायझर मागं उभे होते. चार लोकांत ऐकून घ्यावं लागलं. बाई वाचल्या की नाही, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

माझा डाव असा. ‘हाक मार.’ अनोळखी विहिरीत उतरण्याआधी हाक मारावी. खाली कुणी असलं तर ओ देईल.

मी मजेत आहे. माझी काळजी करू नकोस. जेवत जा.

तुझी,
अक्का


इलिनॉय
१२ नोव्हेंबर १९७८

ती. अक्कास,
सप्रेम जयभीम.

‘हाक मार’ लिहिलं. मशीन म्हणालं, ‘हा शब्द मला माहीत नाही.’ मी आणखी दोन-तीन तऱ्हेनं लिहून पाहिलं, ओरड, बोलाव. तेच उत्तर. अक्का, ज्यानं हा खेळ रचला त्यानं तलवार, किल्ली, दोर, पिंजरा असे शेकडो शब्द त्याला शिकवले, पण हाक मारणं शिकवलं नाही. त्याच्या मते खाली कुणी नसणारच. एवढा चांगला खेळ, त्यात हे मला आता खुपायला लागलंय. आधी लक्षातही आलं नव्हतं.

मग तुझ्या वतीनं मीच दहा पायऱ्या उतरलो, रागवू नकोस. आता तू मधल्या पायरीवर आहेस. वर उजेडाचा ठिपका दिसतो. खालून वारा येतो. एक सांगायचं राहिलं. कंदिलात तेल मोजकं असतं. आपण प्रत्येक वेळी काही केलं की थोडं कमी होतं. संपलं तर अंधारात पाय घसरतो आणि खेळ खलास.

ड्यूटीवरच्या मशीनची गोष्ट मी इथं एका-दोघांना सांगितली. ते हसले. मी हसलो नाही.

धर्मा


सोलापूर
९ डिसेंबर १९७८

चि. धर्मा,
जयभीम.

सहा तारखेला गल्लीतली सगळी मंडळी मुंबईला गेली होती. केराबाईसुद्धा, गुडघे धरून. मला रजा मिळाली नाही. रात्रपाळी करून पहाटे गल्लीत शिरले तर एकाही घरात स्टोव्हचा आवाज नाही. आईच्या फोटोला फुलं वाहिली आणि पुन्हा ड्यूटीवर गेले. तिथं निदान आवाज असतात.

तेल मोजकं असतं हे तू मला शिकवतोस? वात बारीक करून करून तुझा मॅट्रिकचा अभ्यास कुणी करून घेतला? माझा डाव, ‘कंदील विझव.’ पायरीवर बसून राहायचंय तर दिवा कशाला जाळायचा. मी बसते. तू तुझी परीक्षा दे, तोवर मी कुठं जात नाही.

मी मजेत आहे. काळजी करू नकोस. जेवत जा.

अक्का


इलिनॉय
१८ फेब्रुवारी १९७९

ती. अक्कास,
सप्रेम जयभीम.

दोन महिने पत्र नाही म्हणून तू दोन पत्रं टाकलीस. दोन्ही मिळाली. काही झालं नव्हतं, जरा ताप होता, आणि बर्फ इतका की टपालपेटीपर्यंत जाववत नव्हतं. आता ठणठणीत आहे.

मेमध्ये माझा कोर्स संपतो. इथल्या एका कंपनीनं नोकरी देऊ केली आहे. पगार चांगला आहे. सोलापूरला परत येऊन काय करीन हा प्रश्न आहेच, पण पुण्यात एक संस्था कॉम्प्युटर घेते आहे, तिथंही विचारून ठेवलंय. अजून ठरवलेलं नाही. घाई नाही. तुला काय वाटतं?

तापात पडल्या पडल्या मी एक काम केलं. आपल्या घराचा खेळ कागदावर रचला, उठता आलं तसा मशीनवर चढवला. मराठीत, फक्त इंग्रजी अक्षरांत. ‘तू बुधवार पेठेतल्या दारात उभा आहेस. कडी वर आहे.’ लिहायचं, ‘कडी काढ.’ मग बाहेरची खोली, आतली खोली, मोरी, स्टोव्ह, माळ्यावरची आईची पेटी, चौकातला नळ. ‘पेटी उघड’ म्हटलं की लुगड्यांना कापराचा वास येतो असं ते सांगतं. वास मशीनला कुठून कळणार, पण वाचलं की मला येतो.

सोबत कागदावर सगळा मजकूर उतरवून धाडलाय. बारकाईनं वाच आणि चुका सांग. कान उपटायला तुझ्याशिवाय इथं कुणी नाही.

धर्मा


सोलापूर
१० मार्च १९७९

चि. धर्मा,
जयभीम.

नोकरीचं म्हणशील तर घे. त्यात विचारायचं काय? एवढं शिकलास ते इथं येऊन केराबाईला खेळ दाखवायला का? आई बिड्या वळत होती तेव्हा म्हणायची, माझ्या धर्माच्या बोटांना तंबाखूचा वास लागू नये. नाही लागला. माझी काळजी करू नकोस. मी मजेत आहे.

आता खेळ. तू मला चांगलं म्हणायला पाठवलास की खरं सांगायला, ते आधीच विचारायला हवं होतं. खरं सांगते. विहिरीच्या खेळापेक्षा हा मला जास्त आवडला, कारण इथं सोनंनाणं शोधायची सक्ती नाही. नुसतं घरात फिरता येतं. पण चुका लई आहेत. स्टोव्ह मोरीच्या उजव्या हाताला आहे, डाव्या नव्हे. चार वर्षांत विसरलास. माळ्यावर चढायला तू शिडी लिहिलीस, आपल्याकडं शिडी कधी होती? पत्र्याच्या डब्यावर उभा राहायचास आणि दर वेळी तो चेपायचास. आणि नळ! कधीही ‘नळ सोड’ म्हणा, पाणी येतं. सोलापुरात? केराबाईला सांगितलं तर म्हणाली, “आसलं गाव कुटं आसंल तर मी पण येती तितं ऱ्हायला.” सकाळी तासभर सोडून एरवी नळाला नुसती फुसफुस ठेव, म्हणजे घर खरं वाटेल.

एक विचारते. मी कागदावर बोट ठेवून सगळं घर फिरले. माळ्यावरसुद्धा पाहिलं. मी कुठं दिसले नाही. ड्यूटीवर गेलेय का?

अक्का


इलिनॉय
८ एप्रिल १९७९

ती. अक्कास,
सप्रेम जयभीम.

स्टोव्ह हलवला. शिडी काढून डबा ठेवला, चेपतोसुद्धा. नळाला फुसफुस दिली.

तू दिसली नाहीस, कारण मला तुला घालता आलं नाही. भिंतीला काही बोलावं लागत नाही. माणूस घरात ठेवायचं तर त्याला वाक्यं द्यावी लागतात. तुझं पत्र आल्यावर हट्टानं बसलो, तुझी सगळी पत्रं काढली आणि तुझी वाक्यं शोधायला लागलो. विनोद आहेत, केराबाई आहे, सुपरवायझर आहे. पण तुला तुझ्याबद्दल विचारलं की तू तीनच वाक्यं बोलतेस. मी मजेत आहे. काळजी करू नकोस. जेवत जा.

तीच दिली. आता खेळात तू आतल्या खोलीत खिडकीशी बसलेली असतेस. मी लिहितो, ‘अक्का, दमलीस?’ ती म्हणते, मी मजेत आहे. ‘अक्का, रात्री घरी कोण असतं?’ काळजी करू नकोस. ‘अक्का, एकटं वाटतं?’ जेवत जा.

अक्का, हे लिहून झाल्यावर मी पडदा बंद करून बाहेर जाऊन बसलो. मला राग आला. तुझा नाही, कुणाचा ते माहीत नाही. तू मला त्या मशीनची कीव करायला शिकवलंस. ड्यूटीवर असलेलं माणूस खरं बोलू शकत नाही हे मला कळतं. पण माझ्याशी बोलताना तू ड्यूटीवर का असतेस?

माझं तर सांगतो. मला इथं फार एकटं वाटतं. इतकं की खेळातल्या घरात मी रोज कडी काढून आत जातो.

तू मला चौथं वाक्य दे. मी ‘एकटं वाटतं?’ असं विचारलं तर अक्कानं काय म्हणावं, ते कळव. आणि ‘परत येऊ का?’ विचारलं तर काय म्हणावं, तेही. सवडीनं कळव. घाई नाही.

धर्मा


सोलापूर
२६ एप्रिल १९७९

धर्मा,

आज दुपारी जे झालं ते आधी लिहिते.

मी मुंबईच्या बोर्डावर होते. मुंबईची ऑपरेटर म्हणाली, सोलापूर, परदेशचा पी. पी. कॉल आहे, नावानं आलाय, चांगुणा बनसोडे यांना बोलवा. मी नेहमीप्रमाणं म्हटलं, होल्ड करा, पाहते. आणि बसून राहिले. इतकी वर्षं लोकांची नावं मुंबईकडून ऐकली, स्वतःचं कधी ऐकलं नव्हतं. शेजारची तानाबाई मला ढोसून म्हणाली, “आगं, तूच की!” तेव्हा कुठं तोंडातून हॅलो निघालं.

पुढचं तुला ठाऊक आहे. तू म्हणालास, अक्का, ऐकू येतंय का. मी म्हटलं, येतंय, तुला येतंय का. तू म्हणालास, येतंय. असंच चाललं होतं. जेवलास का विचारलं, मूर्खासारखं. तिथं तेव्हा पहाट असेल. मग तू विचारलंस, अक्का, येऊ का?

ते मला स्वच्छ ऐकू आलं. मी श्वास घेतला आणि बोलणार, इतक्यात माझी नजर समोरच्या घड्याळावर गेली. माझ्याच तोंडातून आलं, ‘तीन मिनिटं झाली’, आणि माझ्याच हातानं लाईनची पिन उपसली.

परदेशच्या कॉलला तीन मिनिटांचा नियम नाही. मला माहीत आहे. कुणी मला सांगितलं नव्हतं, मागं कुणी उभं नव्हतं. हाताला सवय. जगातल्या दुसऱ्या कुठल्याही बाईकडून असं झालं नसतं, ऑपरेटरकडूनच झालं. मुंबईला परत लावलं तर तू गेला होतास. तुझा नंबर घेतलेला नव्हता. ड्यूटी संपेपर्यंत बोर्डावर नुसती बसून होते. लोकांचे कॉल तानाबाईनं लावले.

तार करावी म्हणून खाली उतरले होते. पण आपल्याकडं तार म्हणजे कुणीतरी गेलं. ती फोडेपर्यंत तुझं काय होईल ते मला माहीत आहे. तू घाई नाही म्हणाला आहेस, म्हणून पत्रच लिहिते.

तर चौथं वाक्य. ‘एकटं वाटतं?’ असं विचारलंस तर अक्कानं म्हणावं, हो, वाटतं. फार वाटतं. ड्यूटीवरून आले की कुलूप काढताना आतून कुणी विचारत नाही, कोण आहे म्हणून. मी एकटीपुरत्या दोन भाकरी करते आणि एक उरते. आणि एक्स्चेंज ऑटोमॅटिक व्हायचंय म्हणतात. मग लोक आपापले नंबर फिरवतील, आम्हाला कुठंतरी दुसऱ्या टेबलावर बसवतील. ते आवाजही जातील.

‘परत येऊ का?’ विचारलंस तर म्हणावं, ये.

नोकरी घे म्हणाले होते ते आईच्या बाजूनं म्हणाले होते. हे माझ्या बाजूनं.

अक्का


इलिनॉय
९ मे १९७९

ती. अक्कास,

तुझं पत्र आज आलं.

घाई नाही असं मी लिहिलं होतं ते खरं नव्हतं. कंपनीला तीस एप्रिलपर्यंत उत्तर हवं होतं. तुझ्यावर ओझं नको म्हणून लिहिलं नाही. शेवटी धीर धरवेना म्हणून फोन लावला. तू ‘तीन मिनिटं झाली’ म्हणालीस आणि लाईन गेली. मला वाटलं, तू फोन मुद्दाम तोडलास. परदेशच्या कॉलला तो नियम नाही हे मलाही माहीत होतं. म्हटलं, अक्काला ये म्हणवत नाही आणि नको म्हणवत नाही, म्हणून तिनं पिन उपसली. तेच उत्तर समजलो.

तीस तारखेला सही केली. दोन वर्षं.

तुझं पत्र वाचून आधी कॉम्प्युटरच्या खोलीत गेलो आणि तुझी वाक्यं जशीच्या तशी घातली. मग कडी काढून आत गेलो. तू खिडकीशी होतीस. लिहिलं, ‘अक्का, येऊ का?’ पडद्यावर आलं, ‘ये.’

पुन्हा विचारलं, पुन्हा आलं. आता रोज कामावरून आलो की विचारीन.

धर्मा


सोलापूर
२८ मे १९७९

चि. धर्मा,
जयभीम.

रडून झालं. केराबाईनं पाहिलं, पाणी दिलं, काही विचारलं नाही. विचारत सुपरवायझरही नाहीत, पण ते पाणी देत नाहीत, एवढाच फरक.

दोन वर्षं म्हणजे दोन वर्षं. सही केलीस ती पाळ. मी पायरीवर बसलेय ना, दोन वर्षं आणखी बसेन. पण आता बजावते ते ऐक. त्या खेळातल्या अक्काला रोज विचारत जाऊ नकोस. ती बिचारी ड्यूटीवर आहे, दर वेळी ‘ये’ म्हणण्यावाचून तिला गत्यंतर नाही. मला विचारत जा. मी एखाद्या दिवशी ये म्हणेन, एखाद्या दिवशी रागावेन, एखाद्या दिवशी म्हणेन, आज बरं वाटतंय, तानाबाईबरोबर हुरडा खाऊन आले. तुला कंटाळा यायचा नाही.

जुलैच्या आठ तारखेला, रविवारी, मी स्वतः तुझ्या नावानं कॉल बुक करणार आहे. तुझ्या बिल्डिंगचा नंबर लगेच कळव. तुझ्याकडं सकाळ असेल, फोनजवळ थांब. त्या दिवशी माझी सुट्टी आहे. मी पब्लिकसारखी बाहेरच्या काचेच्या खोलीत उभी राहून बोलणार, आणि बोर्डावर तानाबाई असेल. तिला सांगून ठेवलंय. ती म्हणाली, “तू आत हात घालू नगंस, म्हंजे झालं.”

काय बोलायचं ते मी ठरवलेलं नाही. तूही ठरवून येऊ नकोस.

आणि विहिरीतला माझा डाव तसाच जपून ठेवला असशील तर एवढं कर. खालून कुणी ओ देणार नाही हे मला कळलंय, तरी अंधारात बसायचा आता कंटाळा आला. तेल संपलं तर संपू दे.

कंदील लाव.

अक्का